विरजणाची म्हातारी

कारखान्यात त्याला सगळे जावईबापू म्हणत. हे नाव काही त्याने मागून घेतलेलं नव्हतं. बायको त्या कारखान्यात आधी लागली, मग तिच्या शब्दावर तो लागला. लग्न झाल्यावर सासूबाई एकट्या पडतील म्हणून तो आपलं सामान घेऊन त्यांच्याच घरी राहायला गेला. म्हणजे घरही सासरचं आणि नोकरीही सासरची. पहिल्याच आठवड्यात बंबवाला म्हणाला, "या जावईबापू," आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे केस पिकले, सासूबाई गेल्या, यंदा बायकोही गेली, तरी नाव तेच. सासरचं माणूस म्हणायला एक धाकटी मेहुणी तेवढी उरली होती.

कारखाना मोठा नव्हता. फळांचा रस काढला की तो गढूळ असतो. तो नितळ व्हावा म्हणून रसवाले त्यात एक एन्झाइम घालतात. ते हा कारखाना बनवायचा, आणि खरं सांगायचं तर कारखाना नाही, बुरशी बनवायची. गव्हाचा कोंडा वाफवून ट्रेमध्ये पसरायचा, त्यावर बुरशीची भुकटी भुरभुरायची आणि दार लावून घ्यायचं. कोंड्यावर आधी पांढरे तंतू पसरत, मग त्यावर बदामी भुकटी धरे. थोडी भुकटी पुढच्या ट्रेसाठी राखायची, बाकीचा कोंडा धुऊन एन्झाइम काढायचं. राखलेल्या भुकटीला तिथे विरजण म्हणत, आणि जिथे ते राखत ती विरजणाची खोली.

सगळ्या ट्रेंचं विरजण एकाच बुरशीचं. कारखाना सुरू झाला त्या दिवसापासून तीच चालत आलेली, म्हणून तिचं नाव म्हातारी. म्हातारीने सगळ्यांना पोसलं होतं. पण अलीकडे तिने हात आखडता घेतला होता. कोंडा तोच, ऊब तीच, आणि एन्झाइम मात्र दर खेपेला थोडं कमी. एकदा जेवणाच्या सुट्टीत बंबवाला म्हणाला, म्हातारी वांझ झाली. हा भांडी आणि कोंडा वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र चालवायचा, त्या यंत्राला सगळे बंब म्हणत, म्हणून तो बंबवाला. माणूस वाईट नव्हता, जिभेला हाड नव्हतं इतकंच. सगळे हसले. जावईबापूची बायको हसली नाही. तिने डबा उचलला आणि ती दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसली.

तिला कारखान्यात बाई म्हणत. विरजणाची खोली तिची होती. म्हातारीच्या जीनांचा अभ्यास तीच करायची. ती का उठून गेली हे जावईबापूला ठाऊक होतं. दोघांना मूल नव्हतं. फार पूर्वी एका लग्नात त्याच्याच आत्याने तो शब्द बायकोच्या पाठीमागे, पण तिला ऐकू जाईल अशा बेताने उच्चारला होता.  त्यानंतर तो शब्द बायकोच्या तोंडून त्याने कधीच ऐकला नाही. घरात नाही आणि प्रयोगशाळेतही नाही, जिथे तो शास्त्रातला शब्द म्हणून सर्रास चालतो.

बाईचं म्हणणं वेगळंच होतं. ती म्हणायची, म्हातारी थकलेली नाही, एकटी आहे.

याचा अर्थ तिने त्याला स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता समजावला होता. बुरशी दोन तऱ्हांनी वाढते. एक तऱ्हा भुकटीची. भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे आईची नक्कल. आईत खोट असली तर तीही नक्कल होऊन उतरते, आणि नकलेच्या नकलेत नवीन खोटीची भर पडत जाते. दुसरी तऱ्हा दोघींची. दोन बुरश्या भेटतात, दोघींचं आनुवंशिक द्रव्य पत्त्यांसारखं पिसलं जातं, बारीकसं फळ धरतं आणि त्यातून नवी प्रजा निघते. त्यात कुणी आईपेक्षा कमी निघतं, कुणी वरचढ. म्हातारीने ही दुसरी तऱ्हा कधी केलेली कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे तिला ती येतच नाही असं सगळे धरून चालले होते.

"येत नाही कशावरून?" बाई म्हणाली होती. "कुणी भेटायला तर हवं."

म्हातारीचे जीन वाचताना तिला ते ठिकाण सापडलं होतं ज्यावर या भेटीगाठींचं सगळं अवलंबून असतं. त्या ठिकाणी दोन प्रकारच्या जीनांपैकी एक असतो. बाईने त्यांना साधी नावं ठेवली, डावा आणि उजवा. हा जीन बुरशीला वास सोडायला लावतो आणि वास ओळखायलाही लावतो. उजवीला डावीचाच वास कळतो. दुसऱ्या उजवीकडे ती ढुंकूनही पाहत नाही. म्हातारी उजवी होती, आणि कारखान्यातली बाकीची सगळी बुरशी म्हणजे म्हातारीच्या नकला, त्याही उजव्याच. यात नर कोण आणि मादी कोण, असं त्याने विचारलं होतं. बाई म्हणाली, नर-मादी विसर. डावी असो नाही तर उजवी, आईही होऊ शकते आणि बापही. जी आधी अंथरूण पसरून बसते ती आई. तिच्यावर दुसरीची भुकटी येऊन पडते तो बाप.

डावी सापडली ती घरातच. मागच्या खोलीत न्हाणीघराला लागून असलेली भिंत कायम ओली असायची. सासूबाईंचं शिसवी कपाट तिथे उभं होतं, आणि कपाटाच्या कडेने भिंतीवर हिरवट ठिपके येत. बाईने एक दिवस सहज म्हणून त्यातला एक ठिपका टाचणीच्या टोकावर घेतला, कारखान्यात नेऊन वाढवला, तपासला. त्याच जातीची बुरशी निघाली, आणि डावी. घरी आल्यावर तिने चपलाही काढल्या नव्हत्या.

"म्हातारीला स्थळ मिळालं," ती म्हणाली. "घरातलंच आहे. कुठे हिंडायला नको."

त्या दिवसापासून ती भिंत घासायला बंदी झाली. धाकटी मेहुणी आली की नाक मुरडायची. ताई, लोक भिंतीवर फोटो लावतात, तू बुरशी लावतेस, असं म्हणायची. बाई म्हणायची, असू दे, ते माझे व्याही आहेत.

पण जमवायचं ठरलं तेवढ्यात बाई आजारी पडली. दुखणं आतलं होतं आणि फार पुढे गेलेलं होतं. ती अंथरुणाला खिळली तेव्हा विरजणाच्या खोलीचं काम जावईबापूवर आलं. त्याचा हात ट्रेवर बसलेला होता. बुरशी जगवायची कशी, वाढवायची कशी, हे त्याच्याइतकं कुणाला येत नव्हतं. जीनांचं मात्र बायकोचं ऐकून जेवढं कळेल तेवढंच. रोज सकाळी तिच्या उशाशी बसून तो आज काय करायचं ते विचारून घ्यायचा. ओट्सच्या पिठाचं माध्यम, म्हणजे बुरशीचं खाद्य, काचेच्या बशीत ओतायचं. आधी एक बुरशी लावायची आणि ती पसरली की तिच्यावर दुसरीची भुकटी. मग बशीच्या कडा चिकटपट्टीने बंद करून अंधारात ठेवायच्या. उजेड दिसला की बुरशी भुकटी करत बसते, फळ धरायचं तर मिट्ट अंधार हवा. आणि उघडून पाहायचं नाही. हे शेवटचं बाई दोनदा सांगायची, कारण नवऱ्याची खोड तिला माहीत होती. चुलीवर काही ठेवलं की हा दर मिनिटाला झाकण उचलून पाहणार.

"आधी म्हातारीच लावू ना?" बशा लावायच्या दिवशी सकाळी त्याने विचारलं. कारखान्यात कुठलंही काम असो, आधी म्हातारी हा रिवाजच होता.

औषधाच्या गुंगीत तिचे डोळे मिटत होते. "म्हातारीला घरजावई कर," ती म्हणाली. "तुला जमेल. अनुभव आहे."

त्याला हसू आलं, तीही हसली. बऱ्याच दिवसांनी ती थट्टा करण्याइतकी बरी वाटत होती, त्या आनंदातच तो कारखान्यात गेला. त्याने आधी म्हातारी लावली, ती पसरल्यावर डावीची भुकटी घातली, बशा बंद केल्या आणि विरजणाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवल्या. बशा तयार व्हायला काही महिने लागणार होते. बाई तेवढी थांबली नाही.

त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. कामावर जायचा आणि परत यायचा. घरी दोन कप काढायचा आणि एक परत ठेवायचा. लोक चौकशीला येत, जेवलात का, झोपलात का विचारत. तो हो म्हणायचा. मेहुणी रोज फोन करायची. एकदा तो तिला म्हणाला, तू पण सारखं झाकण उचलून पाहतेस. तिला काही कळलं नाही, पण राग तर आला नाही ना म्हणून तिने संध्याकाळी पुन्हा फोन केला.

मॅनेजरने त्याला बोलावून घेतलं ते त्याच सुमारास. मॅनेजर तसा सरळ माणूस होता. त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं की नवं विरजण बाहेरून तयार विकत घ्यायचं ठरलं आहे, तेव्हा विरजणाच्या खोलीची गरज उरणार नाही, तिथे पॅकिंगचं सामान ठेवू. बाईंनी काही प्रयोग लावला होता म्हणे, त्याचं काय झालं? जावईबापू म्हणाला, मुदत भरलीच आहे, उद्या उघडतो.

त्या रात्री त्याला लागलेली काळजी विरजणाची नव्हती आणि नोकरीचीही नव्हती. बाईला अर्धं आयुष्य लोक म्हणत आले होते की तिला नसता नाद आहे, जे नाही तेच शोधत बसते. ती बरोबर होती एवढं एकदा दिसावं, मग खोलीत खोकी भरली तरी चालतील, असं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने बशा उघडल्या. आत पांढरे तंतू आणि थोडी बदामी भुकटी होती. फळ एकाही बशीत नव्हतं. त्याने भिंगाखाली एकेक बशी कडेपासून कडेपर्यंत पाहिली. मग हात धुतले, पुसले, आणि सगळ्या बशा ट्रेमध्ये रचून बंबाकडे नेल्या. बाईने फ्रीजमध्ये राखून ठेवलेल्या डावीच्या नळ्याही नेल्या. काम नसेल तर रानटी बुरशी कारखान्यात ठेवायची नाही असा नियमच होता, ती उडून कोंड्यात शिरली तर सगळे ट्रे वाया जातात.

"सगळंच?" बंबवाल्याने विचारलं.

"सगळंच."

बंबवाल्याने झाकण आवळलं आणि वाफ सोडली. त्या दिवशी तो कुणाशी थट्टा करताना दिसला नाही.

मॅनेजरला त्याने जाऊन सांगितलं की काही आलं नाही. मॅनेजर हळहळला. बाईंनी प्रयत्न तर केला, असं म्हणाला. हे बोलणं जावईबापूला फार लागलं. त्यात वाईट काही नव्हतं, आणि त्याला स्वतःलाही आता तसंच वाटायला लागलं होतं, हेच त्याला सोसवत नव्हतं. बायकोशी त्याचं उभं आयुष्य पटलं होतं. आता ती चुकली असं मनात येत होतं आणि भांडायला ती समोर नव्हती.

तो घरी आला तर दार उघडं आणि घरभर ब्लीचिंग पावडरचा वास. मेहुणी आली होती. पदर खोचून, हातात घासणी घेऊन ती मागच्या खोलीत उभी होती. ओली भिंत पांढरी स्वच्छ झाली होती.

"भिंत घासलीस?" त्याने विचारलं.

"मग काय तिची आरती करू?" मेहुणी म्हणाली. "ताईच्या धाकाने इतके दिवस हात लावला नाही. अशा ओलीत झोपून खोकला मागे लावून घ्यायचाय का तुम्हाला?"

तो बाहेर येऊन खुर्चीवर बसला. त्याचा चेहरा पाहून मेहुणी जरा नरमली. घासणी बादलीत टाकून ती समोर येऊन बसली आणि तिने मुद्द्यालाच हात घातला. तिला भीती होती की ताई गेल्यावर हा माणूस घर सोडून कुठेतरी भाड्याच्या खोलीत जाऊन राहील.

"हे बघा भाऊजी, घर तुमचंच आहे. घरजावई म्हणून आलात म्हणजे कायमचे पाहुणे नाही झालात. तुम्ही आलात तेव्हा आईचं घर होतंच की. आयत्या घरात आलात आणि घर उभं ठेवलंत. दुसऱ्या कुणाला जमलं असतं?"

जावईबापू तिच्याकडे बघत राहिला. "काय म्हणालीस?"

"म्हटलं, कुणाला जमलं असतं."

"त्याच्या आधी."

"आयत्या घरात आलात. आता यात लागण्यासारखं काय आहे?"

तो हसायला लागला. मेहुणी घाबरून उठली आणि पाणी आणायला धावली. ती पाण्याचा पेला घेऊन येईपर्यंत त्याच्या डोक्यात सगळं नीट लागलं होतं. घरजावई म्हणजे जो दुसऱ्याच्या घरी जातो तो. घर आधी असतं, जावई मागून येतो. बाईने थट्टा केलीच नव्हती. म्हणजे थट्टा होतीच, पण कामाची गोष्ट त्या थट्टेतच सांगितली होती. म्हातारीला आधी लावू नकोस. घर भिंतीवालीचं. तिला पसरू दे, आणि म्हातारीची भुकटी मागून तिच्याकडे पाठव. म्हातारीला आई करू नकोस, बाप कर.

असं का, तेही त्याला कळलं. म्हातारीला आई होता येत नसणार. अशा बुरशीला शास्त्रात एक शब्द आहे, जी बाप होऊ शकते पण आई होऊ शकत नाही तिच्यासाठी. तो शब्द वापरला असता तर बाईचं सांगणं एका वाक्यात संपलं असतं आणि त्याच्याही लगेच लक्षात आलं असतं. पण त्यात तोच शब्द होता. मरणाच्या दारातही तिने तो म्हातारीला लावला नाही. त्याऐवजी नवऱ्याचं नाव लावलं.

हे सगळं त्याने मेहुणीला सांगितलं, शेवटचं सोडून. ते तिने आपणहून ओळखलं की नाही, हे त्याने विचारलं नाही. तिने मागच्या खोलीकडे मान वळवली. मग म्हणाली, "म्हणजे मी ताईचं स्थळ पुसून टाकलं?"

"तू भिंतीवरचं पुसलंस. फ्रीजमधलं मी सकाळी वाफवून आलो. दोघांनी मिळून काही शिल्लक ठेवलं नाही."

मेहुणीने पदर पुन्हा खोचला. "कपाटामागे नाही घासलं," ती म्हणाली. "मला एकटीला ते धूड हलेना."

सासूबाईंचं कपाट त्यांच्या हयातीत कुणी हलवलेलं नव्हतं. दोघांनी खांदा लावला. मेहुणी म्हणाली, आईने यात दगड भरलेत की काय. जावईबापू म्हणाला, तुझ्या लहानपणच्या फ्रॉकांपासून सगळं आहे, दगड बरे. दम घेत घेत, शिव्या घालत त्यांनी एक कोपरा भिंतीपासून सुटा केला. मागे अंधारात भिंत हिरवीगार होती. मेहुणी नाकाला पदर लावून टॉर्च धरून उभी राहिली आणि त्याने टाचणीचं टोक ज्योतीवर लाल करून, निववून, एक हिरवा ठिपका बशीत घेतला. भिंतीवर सगळीकडे एकच बुरशी असेल याची खात्री नव्हती, म्हणून त्याने आणखीही काही ठिपके घेतले.

पुढचं काम सावकाशीचं होतं. भिंतीवर दहा जातींचा कचरा असतो. त्यातून हवी ती वेगळी करायची, वाढवायची, पुन्हा वेगळी करायची. जीनांची तपासणी बाईने त्याला एकदा करून दाखवली होती. ती त्याने दोन वेळा बिघडवली, तिसऱ्यांदा नीट जमली. बुरशी डावीच निघाली. मग त्याने एक गोष्ट केली जी पहिल्या खेपेला करायला हवी होती. डावी आणि म्हातारी अशा दोघींना वेगवेगळ्या बशांत अंधारात वाढवलं आणि भिंगाखाली पाहिलं. डावीच्या तंतूंत जागोजागी बारीक गाठी धरल्या होत्या. फळ जिथे बसतं ती जागा म्हणजे या गाठी. म्हातारीत एकही गाठ नव्हती. कशी असणार? इतकी वर्षं सगळ्यांनी भरपूर भुकटी देणारीच म्हातारी निवडून निवडून पुढे नेली होती. अंधार ओळखून भुकटी थांबवणारा आणि गाठी धरायला लावणारा जीन त्या निवडीत केव्हातरी मोडला होता, आणि म्हातारीचे जीन वाचताना बाईला ते दिसलं असणार. तो मोडला की बुरशी मखमलीसारखी दिसते, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याचं नावच मखमल ठेवलं आहे. गाठी नाहीत म्हणजे विरजण चांगलं, स्वच्छ, असं कारखान्यात मानत. तोही मानत आला होता. म्हातारीला त्यांनीच तसं केलं होतं.

मॅनेजरकडे जाऊन त्याने सांगितलं की पहिल्या खेपेला चूक बाईची नव्हती, बशा त्यानेच उलट्या लावल्या होत्या. आणखी एक संधी हवी. मॅनेजर म्हणाला, खोलीचं आता ठरलं आहे, खोकी बाहेर पावसात भिजतायत.

"खोली घ्या," जावईबापू म्हणाला. "लोखंडी कपाट तेवढं आहे तिथे राहू द्या. बंद."

"कपाटाला काय लागतं?"

"काही नाही. कुणी उघडलं नाही म्हणजे झालं."

या खेपेला त्याने आधी डावी लावली, ती पसरल्यावर म्हातारीची भुकटी घातली आणि बशा कपाटात बंद केल्या. मग विरजणाच्या खोलीत खोकी आली. कपाटाच्या चारी बाजूंनी पुठ्ठे, चिकटपट्ट्या, दोऱ्यांची रिळं रचली गेली. पॅकिंगच्या बायका कपाटावर चहाचे कप ठेवायला लागल्या. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, आत काय आहे? तो म्हणाला, नवीन लग्न झालंय, दार वाजवू नका. बायका हसल्या, पण त्यानंतर कपाटावर कप आपटणं बंद झालं. बंबवाला जाता-येता कपाटाकडे मान करून विचारायचा, काय जावईबापू, काही गोड बातमी? यावर पूर्वी त्याला राग आला असता.

तो स्वतः रोज त्या खोलीत जायचा, एखादं खोकं इकडचं तिकडे करायचा आणि परत यायचा. कपाटाच्या कडीला त्याने हात लावला नाही. घरी चुलीवरचं झाकण उचलायची सवयही कमी झाली. एक-दोनदा तर खालून करपलं. मेहुणीचा फोन आता आठवड्यातून एकदा यायचा, आणि तो नुसतं हो म्हणायच्या ऐवजी काय काय करपलं ते सांगायचा.

मुदत भरल्यावर त्याने खोकी बाजूला केली आणि कपाट उघडलं. बंबवाला काही काम नसताना दारात येऊन उभा राहिला होता. जावईबापूने पहिली बशी खिडकीशी नेली, चिकटपट्टी सोडवली, झाकण उचललं. डावीच्या हिरवट तंतूंवर, जिथे म्हातारीची भुकटी पडली होती बरोबर तिथे, राजगिऱ्याहून बारीक असे पिवळसर गोळे दाटीने बसले होते. त्याने झाकण परत लावलं. पुन्हा उचललं. गोळे तिथेच होते.

"काय आहे?" बंबवाला म्हणाला.

"थांब."

एक गोळा सुईने काचेवर घेऊन त्याने दाबला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गोळा फुटून आतून पारदर्शक पिशव्या बाहेर आल्या होत्या, आणि प्रत्येक पिशवीत आठ बिया. पुस्तकात दाखवतात तशा. त्याने बंबवाल्याला खुर्ची दिली. बंबवाल्याने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं, मग चुकीचा डोळा मिटला म्हणून दुसरा मिटून पाहिलं.

"म्हातारीची?" त्याने विचारलं.

"म्हातारीची आणि आमच्या भिंतीची."

बंबवाला उठला, खुर्ची जागेवर सरकवली. "मी मागे म्हातारीला काहीतरी बोललो होतो," तो म्हणाला. "बाई उठून गेल्या होत्या." एवढं बोलून तो थांबला. जावईबापूने मान हलवली. मग बंबवाला आपल्या यंत्राकडे निघून गेला.

नुसती फळं आली म्हणून भागणार नव्हतं. त्याने त्या बिया एकेक वेगळी करून वाढवल्या. काही हिरव्या आणि काही बदामी निघाल्या. हिरव्यांत काही उजव्या निघाल्या आणि बदामींत काही डाव्या. म्हणजे पत्ते खरोखर पिसले गेले होते. त्यातल्या कुणाच्या अंगी म्हातारीच्या भर उमेदीतलं एन्झाइम आहे हे कोंड्यावर लावूनच कळणार होतं आणि त्याला वर्ष लागणार होतं. मॅनेजरने बिया पाहिल्या, आकडे पाहिले, आणि तयार विरजणाचा सौदा पुढे ढकलला. खोलीतली खोकी निम्मी हलली, निम्मी तिथेच राहिली. बाई बरोबर होत्या तर, असं मॅनेजर म्हणाला. जावईबापू म्हणाला, हो. एवढं ऐकायला तो थांबला होता. ऐकल्यावर आणखी काही वाटायला हवं होतं, पण तसं विशेष काही वाटलं नाही. भूक मात्र लागली.

रविवारी मेहुणी आली. बशांचं तिला फोनवर कळलंच होतं. मागच्या खोलीत जाऊन तिने कपाटाचा तिरका कोपरा पाहिला आणि मागची हिरवी भिंत पाहिली. बुरशी आता कडेने बाहेर यायला लागली होती. तिने हात लावला नाही. ताईची आहे, राहू दे, असं म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

जावईबापू थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग त्याने बादलीत पाणी घेतलं, ब्लीचिंग पावडर घातली, घासणी शोधली.

"ये इकडे," त्याने मेहुणीला हाक मारली. "त्या बाजूने खांदा लाव. कपाट पूर्ण सरकवायचंय."

"घासायची? पुन्हा गरज लागली तर?"

"लागणार नाही. बशीत आहे आता." त्याने बाह्या वर केल्या. "इतक्या ओलीत झोपून मला खोकला झालाय."